राखणदारासमोरचा कॅमेरा

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आवळखोल गावचे सरपंच माननीय श्री. दत्तप्रसाद परब, प्रमुख पाहुणे म्हणून वेळात वेळ काढून आलेले पोलीस निरीक्षक साहेब, देवस्थान समितीची आदरणीय मंडळी, ज्यांच्यासाठी आपण सगळे इथे जमलो ते आपले हवालदार महादेवबाब गावस, त्यांच्या शेजारी बसून मघापासून पदराने डोळे टिपणाऱ्या तारावहिनी, महादेवबाबांच्या जागी नव्याने रुजू झालेले श्री. प्रज्योत, महिला मंडळातल्या माझ्या भगिनी, आणि समोर बसलेले सर्व ग्रामस्थ, ज्यांतल्या निम्म्यांना मी बाराखडी शिकवली आणि उरलेल्यांच्या मुलांना शिकवली, त्या सगळ्यांना या सुलोचनाबाईचा नमस्कार.

सूत्रसंचालन करणाऱ्या गौरवीने मला पाच मिनिटं दिली आहेत. गौरवी, चौथीत असताना तुला पाच ओळींचा निबंध लिहायला सांगितला की तू दोन पानं भरायचीस आणि मी ती मुकाट्याने तपासायची. आज तू मला सांभाळून घे.

खरं तर मी बोलणार नव्हते. गेल्या आठवड्यात महादेवबाब स्वतः घरी आले आणि म्हणाले, "बाई, तुमी उलयात. बाकीचे सगळे माझी वाहवाच करतले." मी म्हटलं, निरोपाच्या दिवशी वाहवा नाही करायची तर काय करायचं? त्यावर ते चहा तसाच ठेवून गेले. महादेवबाबांनी चहा प्यायचा सोडला म्हणजे मामला गंभीर, हे तारावहिनी तुम्हाला सांगतील.

तेव्हा आधी वाहवाच करते, कारण ती खरी आहे. हा माणूस आपल्या आऊटपोस्टवर आला तेव्हा त्याच्या मिशा काळ्या होत्या आणि स्कूटर नवी होती. आता मिशा पांढऱ्या झाल्या, स्कूटरचा रंग कोणता होता ते त्यांनाही आठवत नसेल. रोज सकाळी तिठ्यावर पदेराच्या भट्टीतला गरम पाव, म्हणजे आपली पोई, चहात बुडवून खाताना गावातली बित्तंबातमी त्यांच्या कानावर यायची. कोणाचं कोणाशी बिनसलंय, कोणाचा मुलगा कुठल्या नादाला लागलाय, फणसाच्या झाडावरून कोणत्या भावांची बोलचाल बंद झालीय. सगळं ऐकायचे आणि मिशांवरचा चहा पुसून उठायचे. यातलं किती वर गेलं? जवळजवळ काहीच नाही. फणसाचं भांडण त्यांनी दोन्ही भावांना एकाच पाटावर बसवून, गरे खायला लावून मिटवलं.

शंभू, तू मागे लपून बसू नकोस, तुझ्याबद्दल मी बोलणारच आहे. शंभू आणि सेजल घरच्यांचा विरोध म्हणून पळून गेले, तेव्हा दोन्हीकडची मंडळी आऊटपोस्टवर जाऊन बसली होती. महादेवबाबांनी त्या दोघांना त्याच सकाळी म्हापशाच्या बसस्टँडवर पाहिलं होतं. सेजलच्या हातात पिशवी, शंभूच्या तोंडचं पाणी पळालेलं. दोघंही सज्ञान, दोघंही राजीखुशीने निघालेले, हे त्यांनी विचारून घेतलं, शंभूला खिशातले पैसे दिले आणि इकडे येऊन मंडळींना म्हणाले, "पोरां सुखरूप आसत. खंय आसत, तां तींच सांगतली." आज त्या दोघांची मुलगी पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे बघून जांभया देते आहे. बाळ, आणखी थोडाच वेळ.

हे मी का सांगते? महादेवबाब बघायचे सगळं, पण बघितलेलं कोणाला सांगायचं आणि कोणाला नाही, हे ते थांबून ठरवायचे. त्यांच्या नोकरीतली खरी अक्कल तिथे लागायची. याचं मानपत्रात कुठे नाव नाही, म्हणून मी इथे सांगून ठेवते.

आता मानपत्राकडे वळू. सरपंचांनी ते फार सुंदर वाचलं. हरवलेल्या स्कूटरी सापडल्या, देवळाची दानपेटी फोडणारे सापडले, विसरभोळ्या झालेल्या शेवंती आजी काजूच्या डोंगराकडे भरकटल्या त्या सापडल्या. शेवंती आजी आज इथे बसल्या आहेत, हे गावातल्या नव्या कॅमेऱ्यांचे उपकार आहेत आणि ते मी मान्य करते. मग सरपंचांनी वाचलं, "बेपत्ता विवाहितेचा नव्या यंत्रणेच्या साहाय्याने काही तासांत यशस्वी शोध." तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. सभेत बसलं की हात आपोआप वाजतात.

ती विवाहिता म्हणजे माझी मुलगी सिद्धी. गावाला ठाऊक आहे, पण बाहेरून आलेल्या पाहुण्यांना ठाऊक नसावं. साहेब, तुम्ही कागद चाळू नका, तुमची काही चूक नाही. मानपत्रात नावं नसतात.

महादेवबाब, मान वर करा. तुम्हीच मला बोलायला सांगितलंत.

पाहुण्यांसाठी एक गोष्ट आधी सांगायला हवी. पेडण्याहून तुमची गाडी गावात शिरली तेव्हा वडाखाली एक दगडाची घुमटी लागली असेल. तो आमचा राखणदार. गावाच्या वेशीवर बसतो आणि गाव सांभाळतो. त्याच्यासमोर कोणी तोंड झाकून जायचं नाही, अशी आमच्याकडची रीत आहे. स्कूटरवाले हेल्मेट काढतात, मुली स्कार्फ सोडतात, बसचा ड्रायव्हरसुद्धा गॉगल कपाळावर चढवतो. थांबायचं, चेहरा दाखवायचा, आपण कोण आणि कुठे चाललो ते सांगायचं आणि पुढे व्हायचं. त्याने चेहरा पाहिला म्हणजे काळोखातही तो आपल्याला ओळखतो आणि सोबत करतो, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मुंबईला शिकून आलेली मुलंही थांबतात. विश्वास आहे म्हणून थांबतात की आईला कळेल म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

गावात कॅमेरे बसवायचं ठरलं तेव्हा चेहरा ओळखणारा मोठा कॅमेरा कुठे लावावा, असा प्रश्न आला. कंत्राटदाराचा इंजिनिअर दोन दिवस गावात फिरला. तिठ्यावर बघितलं तर निम्म्यांची तोंडं बांधलेली, उन्हाने आणि धुळीने. मग तो वेशीवर आला आणि हरखून गेला. इथे तर येणारा प्रत्येक माणूस आपणहून थांबतो आणि चेहरा उघडा करतो! सरकारला आणखी काय हवं? वडासमोर खांब उभा राहिला. उद्घाटनाला आपण नारळ फोडला, कॅमेऱ्याला झेंडूची माळ घातली. माळ समोर आल्यामुळे पहिले दोन दिवस त्याला काही दिसलं नव्हतं, हे आठवतंय का? किती हसलो होतो आपण.

आता सिद्धीचं सांगते. तिच्या नवऱ्याचं नाव मी घेत नाही, समारंभ शुभ आहे. मुलगा शिकलेला, गोड बोलणारा, घरात सगळीकडे नवनवी यंत्रं. लग्नानंतर त्याने स्वयंपाकघरातसुद्धा कॅमेरा बसवला. गॅस चालू राहिला तर ऑफिसातून कळेल, म्हणाला. मग तिचा फोन कुठे आहे ते त्याच्या फोनवर दिसायला लागलं. बाजारात जास्त वेळ का लागला, खिडकीशी कोणाकडे बघत होतीस, आईशी बोलताना आवाज का बारीक केलास. एकदा वैतागून तिने त्या कॅमेऱ्यावर हात पुसायचा टॉवेल टाकला. त्या संध्याकाळी तिचं बोट दाराच्या फटीत सापडलं, असं त्याने आम्हाला फोन करून कळवलं. ते बोट पुन्हा सरळ झालं नाही. ती भाकरी थापायची तेव्हा ते वेगळं उभं राहायचं.

एक दिवस ती अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली. मुरगावला बंदराजवळ एका बाईंची खाणावळ आहे, तिथे कामाला राहिली. गोदीतल्या कामगारांचे डबे भरायची. डोक्यावर छप्पर होतं, दाराला आतून कडी होती. याच सभागृहाच्या मागच्या खोलीत महिला मंडळाचा जुना फोन आहे ना, त्यावर मला फोन करायची. तुम्ही समजत होता की बाई मंडळाच्या हिशेबात गुंतल्यात. मी तिचा आवाज ऐकत असे. परत गाणं गुणगुणायला लागली होती.

नवऱ्याने सासरकडच्या ठाण्यावर तक्रार दिली, पत्नी बेपत्ता. लोकांसमोर रडलाही. मग इथे माझ्या घरी बायका धीर द्यायला आल्या, त्यांच्यासमोर मीही रडले. ते रडू खोटं नव्हतं, फक्त रडण्याचं कारण वेगळं होतं. महादेवबाबांना मी खरं का सांगितलं नाही, असं कोणी विचारेल. सांगितलं असतं तर त्या माणसाला आपल्या वर्दीशी खोटं बोलावं लागलं असतं. ते मला त्याच्यावर लादायचं नव्हतं.

महादेवबाब तिचा फोटो मागायला आले. मी मुद्दाम बारावीचा दिला, दोन वेण्या, गोल गाल. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "बाई, ह्या फोटोवरसून कोण वळाखतलो?" लग्नाला ते घरचे म्हणून उभे होते. माझे यजमान नाहीत, सिद्धीला मामा नाही, अंतरपाटामागे तिला घेऊन हेच आले होते. त्या वेळचा फोटो त्यांच्या मोबाईलवर होता. त्यांनी त्यातून स्वतःला कापलं आणि सिद्धीचा चेहरा यंत्रणेत घातला. आपल्या गावची पोर आहे, कशी तरी सापडावी म्हणून. सांगा, यात कोणाची चूक? मी पुष्कळ शोधली. मला सापडली नाही, आणि चूक सापडत नाही म्हणून दुःख कमी होतं असंही नाही.

मग गणपतीची चवथ आली. मी तिला फोनवर बजावलं होतं, या वर्षी येऊ नकोस, गणपती समजून घेईल. पण गोव्यात चवथीला घरी जाऊ नको म्हणून सांगणं म्हणजे नदीला उलटं वाहायला सांगणं. खाणावळ बंद, आजूबाजूच्या खोल्यांना कुलपं, जो तो पिशव्या भरून गावाकडे निघालेला. ती तिथे एकटी काय करणार होती?

ती आली. मुरगावपासून बस बदलत बदलत, स्कार्फ घट्ट बांधून. मधल्या सगळ्या स्टँडांवर कॅमेरे आहेत, त्यांतल्या एकालाही तिचे डोळे सोडून काही दिसलं नाही. मग ती आपल्या वेशीवर उतरली. वडाखाली आली. आणि तिने स्कार्फ सोडला.

मी तिला नंतर विचारलं, अगं, एवढी जपून आलीस, तिथे का सोडलास? कॅमेरा दिसला नाही? ती म्हणाली, "दिसलो गो. पण राखण्यासमोर तोंड झाकून कसां येवचां? इतके म्हयने कोणाक माझां नाव सांगूक नाय. ताका तरी सांगलंय. राखण्या, मी सुलोचनाचां चेडू, घरा चललंय, सांभाळ."

हे ऐकून मी तिला काय बोलणार होते? हे तिला मीच शिकवलं होतं, आणि मला माझ्या आईने.

आम्ही दोघींनी गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधली. तिने नारळाचं सारण भरून नेवऱ्या करायला घेतल्या. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली आणि महादेवबाब जवळजवळ धावतच अंगणात आले. हातात पेढ्यांचा पुडा. मला बघून तिथूनच ओरडले, "बाई, गावलां! आपलां सिद्धी गावलां! आताच मशिनीचो मेसेज इलो, वेशीर आसा, हंयच खंय तरी आसतलां!" एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर त्यांच्या मुलीच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. आणि स्वयंपाकघराच्या दारात सिद्धी उभी, हाताला पीठ. त्यांनी तिला पाहिलं. पीठ पाहिलं, टांगलेली माटोळी पाहिली, माझ्याकडे पाहिलं. सगळं कळायला त्यांना एक क्षण पुरला.

सिद्धी एवढंच म्हणाली, "महादेवकाका, तुमी माका कित्याक सोदलात?"

पेढ्यांचा पुडा त्यांनी सोप्यावर ठेवला. ते तिथेच खाली बसले. तो मेसेज त्यांच्या एकट्याच्या फोनवर आला नव्हता. जिथे तक्रार दाखल झाली होती, तिथेही त्याच क्षणी गेला होता. तिकडच्यांनी नवऱ्याला कळवलंसुद्धा होतं. त्यांनीही चांगल्याच बुद्धीने कळवलं असणार. सणाच्या दिवशी एका रडणाऱ्या माणसाची बायको सापडली, कोणाला आनंद होणार नाही?

दुपारी तो आला, दोन नातेवाईक घेऊन. महादेवबाब आमच्या दारात उभे राहिले. वर्दी नव्हती, सणाचं धोतर होतं. त्यांनी सिद्धीला सगळ्यांसमोर विचारलं, ती म्हणाली, मला जायचं नाही. ते म्हणाले, ऐकलंत? ती सज्ञान आहे, आता निघायचं. त्याला उंबरा ओलांडू दिला नाही. तो काही चिडला नाही हो. अंगणातच उभं राहून त्याने मोबाईल काढला आणि शांतपणे वाचायला लागला. ती कुठल्या बसने आली, त्याआधी कुठल्या बसने, कुठल्या थांब्यावर चढली, तिथून मागे कुठल्या गल्लीतून आली, त्या गल्लीतल्या खाणावळीचं नाव काय. एकदा चेहरा जुळल्यावर तिच्या चालीवरून आणि कपड्यांवरून तिकडच्या ठाण्याने मागचे सगळे कॅमेरे उलगडून बघितले होते आणि काळजीत पडलेल्या नवऱ्याला धीर यावा म्हणून सगळं कळवलं होतं. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "चवथ सुखाने करा. आता पत्ता माहीत झाला." आणि मला वाकून नमस्कार करून गेला.

साहेब, मघाशी तुमच्या भाषणात तुम्ही म्हणालात की ज्याने काही केलेलं नाही, त्याने कॅमेऱ्याला भ्यायचं कारण नाही. सगळ्यांना पटलं, मीही मान डोलावली असेन. माझ्या मुलीने काहीही केलं नव्हतं. तक्रार देणाऱ्याने केलं होतं, आणि तो कोणालाच भीत नव्हता. यंत्रणा त्याच्या बाजूची होती असं मी म्हणत नाही. यंत्रणेला बाजू नव्हती. ज्याने विचारलं त्याला तिने उत्तर दिलं. जी सापडली, तिला कोणी काही विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फुलं काढून आले तर सिद्धी नव्हती. मोबाईल तांदळाच्या डब्यावर, बँकेचं कार्ड त्याच्याजवळ, आधार कार्ड गणपतीसमोर ताम्हणात. जे जे तिला ओळखू शकत होतं ते सगळं ती मागे ठेवून गेली. आदल्या संध्याकाळी मला म्हणाली होती, "आई, माका सोदू नको. तू सोदलंस, तर मी ताकाय गावतलंय." मला वाटलं, घाबरलीय, बोलतेय. ती वेशीवरून गेलीच नाही. मागच्या काजूच्या डोंगरातून गेली. मग मी ओल्या पायांनी राखणदारापाशी गेले आणि तिच्या वतीने सांगितलं, बाबा, पोर तुला न सांगता गेली, तिच्यावर राग धरू नकोस, तुझ्याकडे तोंड करायची तिला सोय राहिली नाही. वर तो कॅमेरा माझा चेहरा बघत होता. बघो.

त्यानंतर दोन चवथी होऊन गेल्या. माझी मुलगी कुठे आहे, हे मला माहीत नाही.

महादेवबाबांनी काय केलं ते गावाला माहीत नाही, म्हणून सांगते. सिद्धीचा फोटो यंत्रणेतून काढावा म्हणून त्यांनी अर्ज केले. पणजीला खेपा घातल्या. सुट्ट्या टाकल्या, पदरचं भाडं घातलं, वरिष्ठांची बोलणी खाल्ली. सगळे सज्जनपणे वागले, चहा दिला, आणि सांगितलं की तक्रार बंद झाली तरी फोटो राहतो, तो काढायची सोय केलेली नाही. एकदा परत आले आणि माझ्या सोप्यावर बसून म्हणाले, "बाई, घालूक येता, काढूक येवना." म्हणजे आज, या घटकेलाही, माझी सिद्धी कुठे एखाद्या दुकानात, एखाद्या दवाखान्यात तोंड उघडून उभी राहिली, तर कुठेतरी कोणाच्या तरी फोनवर मेसेज वाजेल. आणि तो माणूस पुन्हा तक्रार द्यायला मोकळा आहे. म्हणून ती जिथे कुठे असेल, तिथे तोंड बांधून असेल. आजारी पडली तर डॉक्टरकडे जाताना विचार करेल. माझ्या घरात जन्मलेली, चारचौघींत हसण्यावरून ओळखू येणारी पोर.

नोकरी शिल्लक असताना महादेवबाब का निवृत्त होताहेत, यावर गावात चर्चा आहे. गुडघे दुखतात म्हणे. गुडघे दुखतात हे खरं आहे, तारावहिनी तेल चोळतात. पण त्या दिवसापासून त्यांना त्या मशीनपुढे बसवत नाही, हेही खरं आहे.

गेल्या आठवड्यातलं शेवटचं सांगते आणि थांबते. मघाशी म्हटलं ना, चहा टाकून गेले? त्या दिवशी त्यांनी मला भाषणाचं विचारलं, मग बराच वेळ घुटमळले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, अजून दोन दिस तां मशीन माझ्या हातात आसा. मागीर मी नसतलंय. एकदाच घालून बघू? खंय आसा तां नको. जिता आसा काय नाय, इतक्याच."

जिवंत आहे की नाही, एवढंच.

तुम्ही आई आहात, बाप आहात. तुम्ही काय म्हणाला असता? माझ्या तोंडात 'बघा' हा शब्द येऊन थांबला होता. दोन चवथी मी दोन माणसांचा नैवेद्य वाढते आहे. रस्त्यात तोंड बांधलेली प्रत्येक मुलगी मला सिद्धी वाटते, मी तिच्या हाताचं बोट बघते. एक बटण दाबायचं आणि मला कळणार होतं. पण शोधलं की शोधल्याची खूण राहते. कोणी शोधलं, कुठून शोधलं, काय दिसलं, ते तिकडे दुसरं कोणी बघू शकतं. ती मला सांगून गेली होती. मी म्हटलं, नको, महादेवबाब.

ते माझ्यासमोर लहान मुलासारखे रडले. मी नाही रडले. ते गेल्यावर कप धुतला आणि मग मात्र मला तो कप ठेवता येईना.

साहेब, कॅमेरे काढा असं मी म्हणत नाही. शेवंती आजी इथे बसल्या आहेत, मी कोणत्या तोंडाने म्हणू? एकच विनंती आहे, प्रज्योत, तुम्हालाही आहे. यापुढे कोणी सापडलं, तर जो शोधतोय त्याला कळवायच्या आधी, जो सापडलाय त्याच्याकडे एकदा जाऊन बसा. पेढे नंतर न्या.

आणि गावकऱ्यांनो, तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. माझी इतक्या वर्षांची शिक्षकी तारण ठेवून मागते. तुम्ही कामाला जाता, देवदर्शनाला जाता, मुलांना भेटायला दूर दूर जाता. कुठे तरी, कधी तरी, तुम्हाला माझी सिद्धी दिसेल. तुमच्यातल्या पुष्कळांनी तिला कडेवर खेळवलंय, तुम्ही ओळखालच. तिला हाक मारू नका. फोटो काढू नका. बरी दिसत असेल तर मनातल्या मनात आनंद माना, बरी दिसत नसेल तर जवळ असेल ते तिच्या हातात ठेवा आणि पुढे व्हा. आणि घरी आल्यावर कोणालाही सांगू नका. मलाही सांगू नका. मी तुम्हाला विचारीन. बाजारात अडवून विचारीन, पाया पडून विचारीन, तेव्हासुद्धा सांगू नका.

महादेवबाब, तुम्ही मला भाऊ म्हणून लाभलात. तुमच्यावर माझा राग नाही, हे आज सगळ्यांसमोर सांगते, म्हणजे ते तुम्हाला नाकारता येणार नाही. गुडघ्यांना जपा. तारावहिनी, चवथीला दोघांनीही माझ्याकडे जेवायला यायचं, ते दुसरं ताट रिकामं राहतं.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, देवस्थान समितीचे आणि इतका वेळ घड्याळ न दाखवणाऱ्या गौरवीचे मी मनापासून आभार मानते. शुभ प्रसंगी डोळ्यांत पाणी आणलं, कोणाचा मान राखायचा राहिला, वेळेचं भान सुटलं, त्याबद्दल आपण मोठ्या मनाने माझ्या पदरात क्षमा घालाल, याची खात्री आहे. मात्र बोलण्याच्या भरात माझी मुलगी कुठे असेल याचा एखादा धागा माझ्या तोंडून निसटला असेल, तर त्याला क्षमा नको. तो तेवढा इथेच विसरून जा.

देव बरें करूं.